आजी वारली म्हणून भरपाई कमी?

कोर्टाने अपघाताची भरपाई कापली की कमेंटमध्ये हमखास येतं, 'बरं झालं, धंदा झालाय लोकांचा.' त्यांनी दिल्लीची ही केस वाचावी. २०१४ साली मोटारसायकलवरच्या नवरा-बायकोला कारने उडवलं. दोघंही गेले. मागे लहान लेकरं आणि म्हातारे आईवडील. ट्रायब्युनलने ४०.७१ लाख मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली आणि हायकोर्टात उरले २२ लाख! एक कारण असं, की मधल्या काळात मुलांची आजी वारली, म्हणजे अवलंबून असणारं एक माणूस कमी झालं. अहो, केस रेंगाळणार कोर्टात आणि वाटा कापणार म्हातारीचा?

५ जानेवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने हे खोडलं. हक्क अपघाताच्या दिवशीच ठरतो म्हणाले, आणि ३३.२० लाख केले. बाईच्या घरकामाचंही मोल धरलं (आपण अजून 'ती घरीच असते' म्हणतो).

अपील जरूर करा, खालच्या कोर्टाच्याही चुका होतात. पण कलम १७३ प्रमाणे अपिलासाठी आधी भरायचे किती? २५,००० किंवा निम्मी रक्कम, जे कमी असेल ते. चाळीस लाखांच्या निकालावर पंचवीस हजार! माझं म्हणणं एवढंच, जेवढ्या रकमेवर वाद नाही तेवढी आधी लेकरांच्या खात्यात टाका, मग खुशाल भांडा.