धोक्याची घंटा निवडताना

मे महिन्याची सुटी लागली, की निम्मं गाव माहेरी, आजोळी, नाहीतर लग्नकार्याला निघतं. बॅगा भरताना मनात एकच घोर असतो, घर आठ-पंधरा दिवस बंद राहणार! मग शेजारणीला "जरा लक्ष ठेवा हं" म्हणून सांगायचं, पेपर आणि दूध बंद करायचं, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये टाकायचे. हे सगळं करायलाच हवं. पण अलीकडे घराघरांतून आणखी एक विषय निघतो, तो म्हणजे घरफोडीची सूचना देणारी घंटा, बर्गलर अलार्म. दुकानात गेलं, की तीन नावं ऐकू येतात. वायर्ड, वायरलेस आणि हायब्रिड. म्हणजे तारेची, बिनतारी आणि दोन्ही मिळून असलेली. आपण विचारतो, "यातली चांगली कोणती?" आणि दुकानदार बहुधा महागातली पुढे करतो!

मैत्रिणींनो, आपण प्रश्नच थोडा बदलू या. कुकर घेताना घरात माणसं किती ते आपण आधी मोजतो ना? तसंच इथेही "चांगली कोणती" यापेक्षा "माझ्या घराला कोणती" असं विचारायचं.

आधी ही घंटा काम कसं करते ते पाहू. तिन्ही प्रकारांत मुख्य भाग तेच. दाराच्या चौकटीवर एक छोटा स्विच आणि दाराच्या फळीवर लोहचुंबक बसवतात. दार उघडलं, की चुंबक दूर जातो आणि स्विचला ते कळतं. खोलीत भिंतीवर, साधारण सात फूट उंचीवर, एक पांढरी डबी असते. माणसाच्या अंगाची उष्णता तिच्यासमोरून हलली, की ती सावध होते. हिला पी.आय.आर. सेन्सर म्हणतात. या सगळ्यांची खबर मुख्य पेटीकडे जाते. पेटी भोंगा वाजवते आणि तशी सोय असेल तर आपल्या मोबाइलवर फोनही करते. फरक एवढाच, की खबर पेटीपर्यंत जाते कशी? तारेतून, की हवेतून?

तारेची पद्धत सगळ्यांत जुनी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली विजेवर चालणाऱ्या अशा घंटेचं पेटंट घेतलं. आजच्या पद्धतीत साधारणपणे तारेतून सतत थोडा प्रवाह फिरत ठेवतात, त्यामुळे घंटा चालू असताना कुणी तार कापली तरी भोंगा वाजतो. सेन्सरना वेगळे सेल लागत नाहीत. वीज गेली, तर मुख्य पेटीतली बॅटरी काही तास सगळ्यांना पुरते. एकदा नीट बसवली, की वर्षानुवर्षं त्रास नाही. अडचण बसवतानाच. भिंती फोडायच्या, नाहीतर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतून तारा फिरवायच्या. शिवाय उंदीर तारा कुरतडतात आणि पावसाळी हवेत सांधे गंजतात, ते वेगळंच. म्हणून ज्यांच्या घराचं बांधकाम चालू आहे, त्यांनी खुशाल तारेचीच घ्यावी. प्लास्टर व्हायच्या आत प्रत्येक दार-खिडकीपर्यंत एक वेगळा पाइप टाकून घ्या. घरातल्या विजेच्या तारा ज्या पाइपातून जातात, त्यातूनच ही तार मात्र नेऊ देऊ नका.

बिनतारी घंटा भाड्याच्या घरात सोयीची. भिंतीला फारसा धक्का नाही, काही तासांत बसते आणि बदली झाली की काढून सोबत नेता येते. पण तिच्या प्रत्येक सेन्सरमध्ये सेल असतो आणि तो संपतो. साध्या, स्वस्त संचात सेल संपून सेन्सर मुका झाला तरी पेटीला पत्ता नसतो! बऱ्यापैकी संचात सेन्सर ठरावीक वेळाने "मी जागा आहे" अशी खूण पेटीला पाठवतो आणि सेल उतरू लागला की आधीच सांगतो. दुकानात हा प्रश्न विचाराच. दुसरं असं, की खोक्यावर लिहिलेलं अंतर हे मोकळ्या मैदानातलं. काँक्रीटचा स्लॅब, लोखंडी सेफ्टी डोअर, लोखंडी कपाट, जुन्या वाड्याची दोन फुटी दगडी भिंत, यांतून जाताना खबर अशक्त होते. म्हणून सगळे सेन्सर जिथे बसायचे तिथे धरून, घरातच चाचणी घ्या आणि मग पैसे द्या.

हायब्रिड म्हणजे एकाच पेटीला तारेचेही सेन्सर जोडता येतात आणि बिनतारीही. खाली बांधकामाच्या वेळी तारा टाकलेल्या आहेत आणि मागाहून वर मजला चढवला, किंवा परसात खोली काढली, अशा घराला ही उत्तम. जुन्या तारा वाया जात नाहीत आणि नवीन भिंती फोडाव्या लागत नाहीत. दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी मात्र जास्तीचे पैसे घालण्यात काही अर्थ नाही.

इथवर झाला यंत्राचा विचार. पण घंटा निकामी होते ती बहुतेक वेळा यंत्रामुळे नाही, तर घरच्यांनी ती बंद करून ठेवल्यामुळे. उगाच तीनदा वाजली, की चौथ्यांदा शेजारी दार उघडत नाहीत आणि सासूबाई म्हणतात, "बंद कर बाई ते, छातीत धडधडतं!" त्यांचं तरी काय चुकलं? आणि उगाच वाजण्याची कारणं बघितली, तर ती आपल्या रोजच्या घरातलीच असतात. सेन्सरच्या डबीवरून पाल फिरते. पंख्याने पडदा हलतो. पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन येतं. मांजर ओट्यावर उडी मारते. म्हणून सेन्सरचं तोंड खिडकीकडे नको, देवघरातल्या समईकडेही नको. माणूस सेन्सरच्या समोरून आडवा जाईल अशी जागा त्याला द्यायची. लाकडी दारं पावसाळ्यात फुगतात, नीट बसत नाहीत, मग चुंबक आणि स्विच यांतलं अंतर वाढतं. तेव्हा श्रावणात एकदा सुतार आणि घंटेवाला, दोघांनाही बोलवावं लागतं.

आणखी एक गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींनी विशेष लक्षात ठेवावी. पी.आय.आर. सेन्सर माणसाचं अंग आणि खोली यांच्या उष्णतेतला फरक ओळखतो. मे महिन्यात बंद घर तापून अंगाइतकं गरम झालं, की हा फरक उरत नाही आणि सेन्सर मंद होतो. म्हणजे आपण सुटीला जातो नेमकं तेव्हाच! म्हणून एकट्या त्या डबीवर भिस्त ठेवू नका. दारं-खिडक्यांचे चुंबक आधी, खोलीतली डबी नंतर.

दुपारी घरात म्हातारं माणूस एकटं असेल, तर संकटात दाबायचं बटण हवंच. तेही पलंगाशी हाताला येईल असं. रात्रीसाठी दारांची घंटा चालू आणि खोल्यांतली बंद अशी सोय आहे ना, ते पाहा, म्हणजे मुलं पाणी प्यायला उठली तर वाडा जागा होणार नाही. बाहेरून आल्यावर आकडा दाबायला किती सेकंद मिळतात, तेही आपल्याला जमेल असं ठरवून घ्या. मी शाळेतून परत येते तेव्हा एका हातात वह्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असते. तीस सेकंदांत कुलूप काढून आकडा दाबायचा, ही गोष्ट कागदावर सोपी वाटते एवढंच.

म्हणून माझं खरं सांगणं हे आहे. घंटा बसवणारा माणूस येतो, आपण चहा टाकायला आत जातो आणि तेवढ्यात तो सगळं घरच्या पुरुषांना समजावून निघून जातो. मग दिवसभर घरात असणारीलाच ती घंटा परकी! असं होऊ देऊ नका. चहा नंतर करा. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सबाईंनी घरच्या सुरक्षेची एक योजनाच आखली होती. दाराला कॅमेरा, आत दूरचित्रवाणीचा पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय आणि मदत बोलावण्याचं बटण. नवरा अल्बर्ट विजेच्या उपकरणांतला जाणकार. दोघांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. वेळी-अवेळी घरात एकटीला थांबावं लागायचं, ही गरज त्यांची, म्हणून सोयही त्यांना नेमकी सुचली. आपल्या घरात कुठे भीती वाटते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

शेवटचा प्रश्न असा, की भोंगा वाजल्यावर येणार कोण? दोन शेजाऱ्यांना आधी विचारून त्यांचे नंबर पेटीत घाला आणि त्यांच्याही घराकडे तसंच लक्ष ठेवा. ११२ हा नंबर घरातल्या पोरासोरांनाही पाठ हवा. पेटीत सिमकार्ड असेल, तर त्याचं रिचार्ज संपू देऊ नका. पेटी वाय-फायवर चालत असेल, तर राउटर इन्व्हर्टरला जोडा, नाहीतर वीज गेली की खबर घरातच अडकायची. दार फुटलेलं दिसलं, तर एकटीने आत जाऊ नका. बाहेर थांबा आणि पोलिसांना फोन करा.

आणि दर महिन्याला दूधवाल्याचा हिशेब कराल, त्याच दिवशी शेजाऱ्यांना आधी सांगून घंटा एकदा वाजवून पाहा. प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी. दहा मिनिटांचं काम आहे. सासूबाईंनाही बटण दाबायला लावा, म्हणजे त्यांची भीती जाईल आणि वेळ आली तर हात बरोबर तिथे जाईल.