शर्यतीचा रस्ता आणि वाडीचा रस्ता



जानेवारी महिन्यात शेजारच्या पुणे जिल्ह्यात सायकलींची मोठी शर्यत झाली. 'पुणे ग्रँड टूर' तिचं नाव. 19 ते 23 जानेवारी 2026, पाच दिवस, मिळून 437 किलोमीटर. एका दमात नव्हे, रोज एक टप्पा. शहरातून निघून मुळशी, मावळ, भोर, पुरंदर, बारामती असा तिचा फेरा होता. देशोदेशीचे सायकलपटू आले. जिल्हा प्रशासन स्वतः कामाला लागलं. शर्यतीच्या वाटेवरचे रस्ते नव्यानं डांबरी झाले आणि शर्यतीच्या वेळी ते बाकी वाहनांना बंद ठेवले.

आपल्या अंकात सायकलच्या शर्यतीवर अग्रलेख कशाला, असं कुणी म्हणेल. कारण सरळ आहे. भोरच्या पुढं नीरा ओलांडली की आपला सातारा जिल्हा लागतो. पसरणीचा घाट, केळघरचा घाट, आंबेनळी, कुंभार्ली हे सगळे आपलेच. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात डोंगरी मॅरेथॉन कधीचीच सुरू आहे, हजारोंनी माणसं पळायला येतात. सांगलीचं नाव तर सायकलच्या शर्यतीत जुनं. मुंबई-पुणे शर्यतीत सांगलीच्या पोरांनी किती वेळा घाट गाजवला, हे जुन्या माणसांना विचारा. तेव्हा आज ना उद्या अशी शर्यत आपल्या डोंगरात आली तर नवल नाही. ती आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी विचार केलेला बरा.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. आपण शर्यतीच्या विरोधात नाही. सायकल हे गरिबाचं वाहन आहे. तिला पेट्रोल लागत नाही, धूर नाही, आवाज नाही. शर्यतीत पोरं एकेका घाटात जीव काढतात, त्यांचं कौतुकच आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. आपल्या डोंगरातल्या पोरापोरींच्या पायात तसं बळ आहे. तेव्हा खेळाशी आपलं भांडण नाही.

आपला प्रश्न रस्त्याचा आहे.

437 किलोमीटरचा रस्ता शर्यतीसाठी काही महिन्यांत गुळगुळीत होतो. मग आपल्या वाडीची दोन किलोमीटरची वाट वर्षानुवर्षं तशीच का? बाळंतीण अडली तर अजून झोळी बांधावी लागते. पावसाळ्यात ओढा चढला की पोरांची शाळा बंद. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठच्या वाड्यांना तर लाँच आली तर बाजार, नाही तर घर. धरणाच्या पाण्यात जुने रस्ते बुडाले, त्या बदल्यात नवे किती झाले ते ज्याचं त्यानं मोजावं.

रस्ता मागायला गेलं की एक उत्तर ठरलेलं असतं. "वनजमीन आहे, परवानगी न्हाई." पुढं कधी अभयारण्य सांगतात, कधी व्याघ्र प्रकल्प. कोयना अभयारण्य 1985 साली झालं, चांदोलीही तेव्हाच. पुढं 2004 साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं. 2010 साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 साली कास, कोयना, चांदोली जागतिक वारशाच्या यादीत गेले. दर वेळी जंगलाचं नाव मोठं झालं आणि जंगलात राहणारा माणूस लहान झाला. आधी धरणाला उठला, मग वाघाला उठला. जो राहिला, त्याच्या वाटेवर फाटक आलं.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. वाडीत मोठ्यानं वाचून दाखवा.

वनहक्क कायदा 2006 सालचा आहे. त्याच्या कलम 3(2) मध्ये तेरा सोयी सांगितल्या आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज, पिण्याचं पाणी, तळं, लहान कालवे आणि त्यातच रस्ताही आहे. या सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी अशा: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. रस्ता गटारासकट पाच मीटर रुंद धरला तर दोन किलोमीटरच्या आत बसतो. आपल्या बहुतेक वाड्यांचं मागणं तेवढंच तर आहे!

म्हणजे "वनजमीन आहे" हे रस्ता नाकारायचं कारण होऊ शकत नाही. वनजमीन आहे म्हणूनच तर हे कलम लिहिलंय. आणि वनजमीन या शब्दात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही येतं, हे त्याच कायद्याच्या कलम 2 मध्ये लिहिलेलं आहे.

इथं एक गैरसमज दूर करू. काही साथी म्हणतात, "आपल्याकडं पेसा न्हाई, मग ग्रामसभेला इचारतंय कोण?" खरं आहे, सातारा-सांगलीत अनुसूचित क्षेत्र नाही, म्हणून पेसा कायदा लागू नाही. पण वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. तो कातकऱ्याला आहे, महादेव कोळ्याला आहे. धनगर-गवळी, कुणबी यांनाही आहे. त्यांनी 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, जंगलात राहून त्यावर पोट भरल्याचा पुरावा द्यायचा. म्हाताऱ्या माणसाचा जबाब, जुनं देऊळ, थडगं, पडकी जोती, जुना पाणवठा हेही पुरावे चालतात. कागदच पाहिजे असं नाही.

आता शर्यतीची दुसरी बाजू.

रस्त्यावरून फक्त सायकल येत नाही. सायकलीच्या मागं गाड्या येतात, गाड्यांच्या मागं हॉटेलवाला आणि त्याच्याही मागं जमिनीचा दलाल. टीव्हीवर आपला घाट, आपलं धुकं, आपलं तळं दिसलं की दुसऱ्या महिन्यात कुणीतरी सातबारा विचारायला येतो. हे मनचं सांगत नाही. कांदाटी खोऱ्यातलं झाडाणीचं प्रकरण 2024 साली राज्यभर गाजलं. शेकडो एकर जमीन बाहेरच्यांनी घेतल्याची तक्रार झाली, चौकशी लागली. नवीन महाबळेश्वर प्रकल्पाच्या आराखड्यात सातारा, जावळी, पाटण तालुक्यांतली 235 गावं धरली. आराखडा निघाला तेव्हा किती वाड्यांच्या ग्रामसभेत तो वाचला गेला? रस्ता येताना आपल्यासाठी आला की आपल्या जमिनीसाठी आला, हे ओळखायला शिकलं पाहिजे.

यावरही कायद्यानं कुंपण घातलंय. वनहक्काचा पट्टा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, वारसानं पुढं जातो. नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो. आदिवासीची मालकीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेचं कलम 36 अ आडवं येतं, वरची परवानगी लागते. म्हणून दलाल कोऱ्या कागदावर अंगठा मागतो, 'फक्त सही करा' म्हणतो. अंगठा देण्याआधी चार माणसांना विचारा.

पुण्याच्या शर्यतीचं बोधचिन्ह काय होतं ठाऊक आहे? शेकरू. आपल्या राज्याचा प्राणी. आपल्या जंगलातल्या माणसाला शेकरू सांगायला लागत नाही. तो जमिनीवर फारसा उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो. दोन्ही बाजूची झाडं वर एकमेकांना भिडलेली असतील तर तो रस्ता ओलांडतो. रस्ता रुंद केला, झाडं मागं सारली, की शेकरूची वाट तुटली. टोपीवर शेकरू काढायचा आणि त्याची फांदी तोडायची, हे आपल्या डोंगरात चालू द्यायचं नाही. कलम 5 मध्ये ग्रामसभेला हा अधिकार आहे. सामूहिक वनात कुणी यायचं, कसं यायचं याचे नियम ग्रामसभा करू शकते. जंगलाला, जनावराला बाधा येईल असं काम थांबवू शकते.

जगात अशा शर्यती जुन्या आहेत. फ्रान्स देशात 'टूर द फ्रान्स' 1903 साली एका वर्तमानपत्रानं आपला खप वाढावा म्हणून सुरू केली. 1910 साली ती पिरेनीज डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गेली. आज तिथली गावं आपल्याकडून टप्पा सुटावा म्हणून पैसे मोजतात. पण त्याच रस्त्यावर लोकांनी आपले प्रश्नही मांडले. 1982 साली दनँ गावाजवळ पोलाद कारखान्याच्या कामगारांनी रस्ता अडवला, त्या दिवसाचा टप्पा रद्द झाला. 2018 साली शेतकऱ्यांनी गवताचे भारे रस्त्यात टाकले. पोलिसांनी त्यांच्यावर फवारा मारला, तो सायकलवाल्यांच्याच डोळ्यात गेला, शर्यत काही वेळ थांबली.

आपण काय शिकायचं? सायकलवाल्या पोरापुढं भारा टाकणं ही आपली पद्धत नाही. तो बिचारा आपल्यासारखाच घाम गाळतो. त्याच्या डोळ्यात धूर गेला तर आपला प्रश्न सुटत नाही. आपण शर्यतीच्या दिवशी नव्हे, शर्यत ठरायच्या दिवशी बोललं पाहिजे. रस्ता आखायला जेव्हा माणसं फीत घेऊन येतात, तेव्हा ग्रामसभेचा ठराव त्यांच्या हातात पडला पाहिजे.

म्हणून आपल्या संघटनेची भूमिका अशी:

एक. आपल्या वनक्षेत्रातून शर्यत, मॅरेथॉन वा असा कोणताही कार्यक्रम न्यायचा तर आधी ग्रामसभेपुढं नकाशा ठेवावा. किती झाडं, किती गाड्या, कचरा कोण उचलणार, हे लेखी द्यावं.

दोन. शर्यतीसाठी जो रस्ता नीट होईल, त्याला जोडणारी वाडीची वाटही त्याच कामात धरावी. मुख्य रस्ता गुळगुळीत आणि वाडीला चिखल, हे मान्य नाही.

तीन. रस्ता बंद ठेवायच्या दिवशी दवाखान्याची गाडी, दुधाची गाडी आणि शाळेची पोरं यांना वाट खुली राहावी.

चार. पाहुण्यांना जेवण, राहणं, वाटाड्या ही कामं गावातल्या बचत गटांना मिळावीत. भाकरी आपल्या चुलीवरची आणि पैसा शहरातल्या ठेकेदाराचा, असं नको.

आणि आपल्या बाजूनं काम हे. येत्या महिन्यात प्रत्येक वाडीनं ग्रामसभा बोलवावी. निम्म्याहून कमी माणसं नकोत, हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत. कलम 3(2) खाली रस्त्याचा ठराव करावा. वाट कुठून कुठं, किती लांब, किती रुंद, वाटेत किती झाडं, हे स्वतः दोरीनं मोजून लिहावं. ठरावाची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक वनक्षेत्रपालाला, एक उपवनसंरक्षकांना. प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही, असं समजा. सामूहिक वनहक्काचा दावा ज्यांचा राहिलाय, त्यांनी तो याच सभेत उचलावा.

शेवटी शर्यतीतली एक गोष्ट सांगतो. सायकलवाले झुंडीनं चालतात. पुढचा वारा कापतो, मागच्याला जोर कमी लागतो. पुढचा दमला की मागचा पुढं येतो. एकटा कितीही ताकदीचा असला तरी झुंडीपुढं टिकणं अवघड. आपल्या दाव्यांचंही असंच आहे. एका वाडीनं नकाशा केला की शेजारची वाडी तो बघून करते. एका वाडीनं पोच मिळवली की दुसऱ्या वाडीला नाही म्हणता येत नाही. ज्या वाड्यांची मोजणी झालीय त्यांनी शेजारी माणूस पाठवावा. पाळीपाळीनं पुढं व्हायचं, मागं कुणाला सोडायचं नाही.

मुंबई-पुणे शर्यतीत घाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आपल्या बाया डोक्यावर मोळी, काखेत पोर घेऊन तोच घाट रोज चढतात. त्यांना किताब नको. त्यांना रस्ता पाहिजे, आणि रस्ता कुठून न्यायचा हे सांगायचा हक्क पाहिजे.

आमच्या गावात, आम्हीच सरकार!
ग्रामसभेचा ठराव, हाच आमचा रस्ता!