मुलींचे स्वसंरक्षण आणि शासनाची सुटका

कोठे अत्याचाराची बातमी आली की, मुलींनी आता स्वतःचे रक्षण स्वतः करावयास शिकावे, असा उपदेश व्यासपीठांवरून सुरू होतो. बारामती आणि इंदापूर हे साखरेचे तालुकेही याला अपवाद नाहीत. रस्त्यावरचे दिवे, एस.टी.च्या फेऱ्या आणि कारखान्यांचा कारभार ज्यांच्या हाती असतो, तीच मंडळी बहुधा हा उपदेश करीत असतात.

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचे स्वसंरक्षण प्रशिक्षण आहे. त्याला राणी लक्ष्मीबाईंचे नाव आहे आणि शाळेमागे दरमहा ५,००० रुपयांची तरतूद आहे. नाव मोठे, तरतूद लहान. तरीही या वर्गांकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. आवाज खाली ठेव, नजर खाली ठेव, असे जिला जन्मभर बजावले गेले, तिला येथे प्रथम पोटातून ओरडावयास शिकवितात. आणि पहिल्या दिवशी तो आवाज निघतच नाही. मग पाय रोवून उभे राहणे, हनुवटी छातीशी घेऊन डोके न आपटता पडणे. मनगट कोणी धरले तर हात सरळ मागे ओढावयाचा नाही. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जेथे मिळतात, त्या फटीकडे मनगट वळवून झटका द्यावयाचा. मैत्रिणीने हलकेच धरले असता हे सहज जमते. तिने सारे बळ लावले की नवखी मुलगी सर्व विसरते व पुन्हा हात मागेच ओढू लागते. ही विद्या नुसती कळून भागत नाही, ती अंगवळणी पडावी लागते. पण एक डाव मुरण्यापूर्वीच दुसरा शिकविला जातो, कारण तीन महिन्यांच्या अखेरीस प्रात्यक्षिक व्हावयाचे असते, आणि त्याला पाहुणे यावयाचे असतात!

तालमीतला वस्ताद असे करीत नाही. नवख्या पोराकडून तो महिनोन्‌महिने जोर-बैठका काढून घेतो, एकच डाव शेकडो वेळा करवून घेतो. मात्र त्या तांबड्या मातीत मुलींना पिढ्यान्‌पिढ्या मज्जाव होता. 'महाराष्ट्र केसरी' १९६१ साली सुरू झाली. महिलांची पहिली 'महाराष्ट्र केसरी' सांगलीत भरली ती २०२३ साली.

आणि सारे डाव येत असूनही काय होते, ते त्याच वर्षी दिल्लीत दिसले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार घेऊन विनेश फोगाट आणि साक्षी मलिक यांच्यासारख्या नामवंत मल्ल जंतरमंतरवर बसल्या होत्या. २८ मे २०२३ रोजी, नव्या संसद भवनाचे उद्घाटन होत असताना, पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत नेले. सत्तेची पकड अंगठ्याच्या फटीतून सुटत नाही.

ती सोडविण्यास संघटना लागते. इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी १९१३ च्या सुमारास एडिथ गॅरड या शिक्षिकेकडून जुजुत्सू शिकून आपल्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांच्याभोवती संरक्षक पथक उभे केले. डाव तेच होते. पण एकेकटीने सुखरूप घरी पोहोचावे एवढ्यासाठी ते शिकलेले नव्हते. आपल्याकडे राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर मुलामुलींनी एकत्र कवायत केली, तीही याच जाणिवेने.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या परिसरात गळीत हंगामात बीडकडून कोयत्याच्या जोड्या येतात. पहाटेच्या अंधारात फडावर निघालेली, कोपीला धड दार नसलेली ती बाई या प्रशिक्षणाच्या हिशेबातच नाही. आणि तिची मुलगी शाळेच्या पटावर असतेच असे नाही. मुकादमाने मनगट धरले आणि तिने ते शिताफीने सोडविले, तरी ती जाणार कोठे? उचल फिटलेली नसते. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. जेथे ती नाही तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तोडणी मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत, ही साखर कारखानदारीची जुनी सबब या बाबतीत तरी ऐकून घेण्याचे कारण नाही.

म्हणून शाळेत तीन महिन्यांच्या पाहुण्या प्रशिक्षकाऐवजी वर्षभराची शिक्षिका नेमावी. पुढच्या हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडण्यापूर्वी समितीतील स्त्रियांची नावे व तक्रारीचे ठिकाण कोपींच्या प्रत्येक तळावर लावावे. आणि त्या शिक्षिकेचा एक वर्ग तळावरही भरावा, संध्याकाळी, मोळ्या वाहून झाल्यावर.