चॉकलेटचा हत्ती इंजिनिअरिंगमध्ये बसतो का?

"चॉकलेट करण्यात काय एवढं? वितळवायचं, साच्यात ओतायचं, फ्रीजमध्ये ढकलायचं, झालं!" असं छातीठोकपणे सांगणारे आपल्या होस्टेलवर पुष्कळ आहेत. त्यातल्या निम्म्यांना मॅगीसुद्धा धड जमत नाही, हा भाग वेगळा. पण गॅदरिंगच्या टेक्निकल प्रदर्शनाच्या संयोजकांचंही हेच मत निघालं, याचं मात्र वाईट वाटलं. आमच्या वर्गातल्या एका मुलीने सुट्टीत घरी केलेला, वीतभर उंच, आतून पोकळ असा चॉकलेटचा हत्ती त्यांनी नाकारला. "हे कुकिंग आहे, फूड स्टॉलवर ठेव," असं सांगितलं. हत्ती भेळेच्या शेजारी उभा राहिला. आत मात्र बाजारातून तयार विकत आणलेली दोन-तीन मॉडेल्स ऐटीत मिरवत होती.

माझं म्हणणं असं की, तो हत्ती आतच हवा होता. का, ते सांगतो.

खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. ही चरबी गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक बनवू शकते. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा असतो. चकाकी, तोडताना येणारा 'कट्' आवाज, हाताला लगेच न चिकटणं, हे सगळं त्याच्यामुळे. तो साधारण 34 अंशांना वितळतो, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या जरासा खाली. म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरघळतं. हा प्रकार मिळवायला डार्क चॉकलेट आधी 45 ते 50 अंशांपर्यंत तापवून सगळे जुने स्फटिक मोडायचे, मग ढवळत ढवळत 27-28 वर आणायचं आणि पुन्हा 31-32 पर्यंत चढवायचं. या शेवटच्या चढणीत नको असलेले कच्चे स्फटिक वितळतात, पाचव्याचे टिकतात. हात सैल सुटून पारा 35 च्या वर गेला की तेही गेले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! याला टेंपरिंग म्हणतात. नाव पोलादाच्या टेंपरिंगचंच, पण काम वेगळं, हे व्हायवाला लक्षात ठेवा.

आता साचा. दोन अर्धे भाग चिमट्यांनी घट्ट जोडायचे, चॉकलेट भरायचं, हवेचे बुडबुडे निघावेत म्हणून साचा ठोकायचा, थोडं थांबायचं आणि मधलं पातळ चॉकलेट उलटं करून ओतून टाकायचं. भिंतीला लागलेला थर उरतो. ओळखीचं वाटलं ना? आपल्या पुस्तकात यालाच स्लश कास्टिंग म्हणतात. फाउंड्रीत धातू आकसतो म्हणून आपण पॅटर्नला श्रिंकेज अलाउन्स देतो. इथे उलट, टेंपरिंग नीट झालं असेल तर चॉकलेट आकसतं म्हणूनच साच्यातून आपोआप सुटतं. नाहीतर बसा चिकटलेली सोंड खरवडत. सोंड, कान वेगळे केले तर कडा कोमट ताटलीवर टेकवून जोडायच्या. आणि पाणी? वितळलेल्या चॉकलेटमध्ये चार थेंब पडले तरी साखर ते धरून ठेवते आणि सगळ्याचा गोळा होतो.

तुम्ही म्हणाल, बाजारात कंपाउंड मिळतं, त्याला हे काहीच लागत नाही. बरोबर आहे. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, म्हणून टेंपरिंगची कटकट नाही. शिकायला ते उत्तमच. घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या कितीतरी काकू तेच वापरतात, त्यात कमीपणा नाही. फक्त कंपाउंड असेल तर कंपाउंड म्हणून सांगावं, एवढंच.

दुसरा आक्षेप असा, की हत्ती एप्रिलच्या उन्हात टिकणार नाही. नाहीच टिकणार! पण कुठला पदार्थ कुठल्या तापमानाला हार मानतो, हे माहीत असणं म्हणजेच तर मटेरियल सायन्स. ते आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलमध्ये एकमेकांचं बघून उतरवतो. तिने ते हाताने केलं, भिंत पातळ झाली तेव्हा पाय का मोडला हे शोधलं आणि दुसरा थर दिला.

खरी गोम वेगळीच आहे. स्वयंपाकघरात झालं, मुलीने केलं, म्हणून ते 'टाइमपास'. आणि पत्र्याच्या खोक्यात मोटार बसवली की ते 'प्रोजेक्ट'. हे मला पटत नाही.

म्हणून पुढच्या वर्षीच्या संयोजकांना आणि सरांना विनंती, प्रवेश देताना तीनच प्रश्न विचारा. हे तू स्वतः केलंस का? कुठे फसलं? आणि का फसलं? उत्तरं आली तर वस्तू लोखंडाची की चॉकलेटची, हे बघू नका. या प्रश्नांना विकत आणलेली मॉडेल्स आपोआप गळतील.

आणि होस्टेलकरांनो, करून बघायचं असेल तर थंडीत, घरी करा. रूमवर हीटर सापडला तर रेक्टर सर टेंपरिंगचं कारण ऐकून घेणार नाहीत. आणि केमिस्ट्री लॅबचा थर्मामीटर तर मुळीच आणू नका. त्याने आजवर काय काय चाखलंय, देव जाणे!