विश्लेषण : गाडी मित्राच्या वडिलांची, चालवणारा सतरा वर्षांचा, अपघात झाला तर गुन्हा कोणावर, भरपाई कोणाकडून?

बारावीचा शेवटचा पेपर संपला आहे. नौपाड्यातील एका जुन्या इमारतीत चार मित्र जमले आहेत. मित्राच्या वडिलांची मोटार खाली रस्त्याच्या कडेला उभी आहे आणि किल्ली नेहमीप्रमाणे दाराजवळच्या खिळ्याला लटकते आहे. ‘तीन हात नाक्यापर्यंत एक चक्कर मारून येतो,’ असे म्हणून त्यांच्यातला सतरा वर्षांचा एक जण ती उचलतो. गोखले रोडवर समोरून दुचाकी येते.

हा प्रसंग काल्पनिक आहे. मात्र त्यानंतर उभे राहणारे प्रश्न कल्याण, गोरेगाव आणि पुण्यात खरोखर उभे राहिले आहेत. गाडी मुलाच्या आईवडिलांची नव्हती. ज्यांची होती त्यांनी ती दिली नव्हती. ज्याने चालवली तो कायद्याने अजाण आहे. मग जबाबदार कोण?

घराघरांत याची दोन उत्तरे ठरलेली असतात. ‘गाडी आमची नाही, आमचा काय संबंध?’ हे मुलाच्या घरचे. ‘विमा आहे की!’ हे गाडीमालकाच्या घरचे. दोन्ही चुकीची आहेत.

कल्याण आणि गोरेगावमध्ये काय झाले होते?

मे २०२४ मध्ये कल्याणच्या शिवाजी चौक परिसरातील एक चित्रफीत सर्वदूर पसरली. भर रस्त्यात चालत्या बीएमडब्ल्यूच्या बॉनेटवर एक तरुण आडवा झाला होता आणि गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता. कोणाला इजा झाली नाही. तरीही पोलिसांनी बॉनेटवरील तरुणाबरोबरच मुलाच्या वडिलांवरही गुन्हा नोंदवला, कारण गाडी त्यांची होती.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस गोरेगावच्या आरे वसाहतीत विरुद्ध दिशेने आलेल्या एसयूव्हीने दूध पोहोचवणाऱ्या २४ वर्षांच्या तरुणाला धडक दिली. त्यात तो दगावला. चालक १७ वर्षांचा होता. तेथेही कारवाई चालकापुरती थांबली नाही, गाडीच्या मालकावरही गुन्हा नोंदला गेला.

कायदा नेमका काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवता येत नाही. १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीची तेवढी सवलत आहे आणि तीही पालकांच्या लेखी संमतीने काढलेल्या परवान्यावर. कॉलेजला जाणारी मुले सर्रास चालवतात त्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटर या सवलतीत बसत नाहीत.

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात ‘कलम १९९ अ’ आले. ते १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. अल्पवयीनाने या कायद्याखालील गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही.

याशिवाय कलम ५ आणि १८० आहेतच. विनापरवाना व्यक्तीच्या हाती गाडी देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ही कलमे केवळ मालकाला नाहीत, गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यालाही लागू होतात. म्हणजे वडील गावी गेले असताना घरातल्या मोठ्या भावाने मित्राला किल्ली दिली, तर तो भाऊही सुटत नाही.

गाडी दुसऱ्याची असेल तर मुलाचे आईवडील सुटतात का?

कलमातील शब्द ‘पालक किंवा मालक’ असे आहेत. गाडी कोणाच्या नावावर आहे यावर पालकांची सुटका अवलंबून नाही. त्यात भर म्हणजे, अल्पवयीनाने गाडी पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच वापरली असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलमाचे स्पष्टीकरण सांगते. एरवी गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावर असते. येथे संमती नव्हती, हे दाखवण्याचे ओझे घरच्यांवर येते.

सुटकेचा मार्गही त्याच कलमात आहे. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी योग्य ती सर्व खबरदारी घेतली होती, हे सिद्ध केल्यास शिक्षा टळते. ‘मला माहीत नव्हते’ असे नुसते म्हणून भागत नाही. मुलगा महिनाभर त्याच गाडीतून क्लासला जाताना सोसायटीच्या सीसीटीव्हीत दिसत असेल, तर हा बचाव तेथेच संपतो.

विमा कंपनी पैसे देत नाही का?

गल्लत होते ती येथे. शिक्षा आणि भरपाई या दोन वेगळ्या वाटा आहेत. फौजदारी न्यायालयात मालक सुटला, तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातील भरपाईतून तो आपोआप सुटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा एक निकाल या विषयाला चपखल लागू पडतो. ओळखीतल्या अल्पवयीन मुलाने घरी येऊन मोटारसायकलची किल्ली परस्पर नेली आणि पुढे अपघातात एकाचा जीव गेला. आपल्याला न विचारता गाडी नेली, असे मालकाचे म्हणणे होते. वाहनाचा गैरवापर होऊ नये हे पाहण्याची जबाबदारी मालकाचीच आहे, असे सांगून न्यायालयाने त्याची जबाबदारी कायम ठेवली. विमा कंपनीने मृताच्या कुटुंबाला आधी रक्कम द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, अशी ती व्यवस्था होती.

‘आधी द्या, मग वसूल करा’ हे तत्त्व त्याआधी २००४ च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते. पीडितांसाठी ते दिलासादायक आहे, कारण त्यांना मालकाच्या मागे धावावे लागत नाही. मालकासाठी मात्र विमा हा आडोसा राहत नाही. चालक विनापरवाना असल्याने स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावाही फेटाळला जातो.

मुलाने दुसऱ्याची गाडी ठोकली, तर केवळ जन्मदाते आहेत म्हणून आईवडिलांवर भरपाई लादली जात नाही. त्यांचा स्वतःचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. म्हणजे तुरुंगाची टांगती तलवार दोन्ही घरांवर आणि लाखोंचा बोजा मुख्यतः मित्राच्या वडिलांवर, असे विचित्र चित्र उभे राहते.

रक्कम किती असू शकते?

हिशेब ठरलेला आहे. मृत व्यक्ती २४ वर्षांची, अविवाहित, खासगी नोकरीत आणि महिना ५० हजार रुपये कमावणारी आहे असे धरू. वर्षाचे उत्पन्न सहा लाख. भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवले की ८ लाख ४० हजार. अविवाहित असल्याने स्वतःच्या खर्चापोटी निम्मे वजा केले की उरले ४ लाख २० हजार. या वयोगटाचा गुणक १८. गुणाकार येतो ७५ लाख ६० हजार रुपये. अंत्यविधी आणि इतर ठरावीक रकमा, तसेच व्याज वेगळे. जुन्या नौपाड्यातले राहते घर सोडले, तर इतकी रक्कम उभी करण्याजोगे मध्यमवर्गीय कुटुंबाकडे दुसरे काय असते?

मुलाला काय शिक्षा होते?

पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. आरोपी १७ वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला. त्यात अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अटही होती. त्यावर देशभर संताप उसळला. वडिलांना बाल न्याय कायदा आणि मोटार वाहन कायद्याखाली अटक झाली. त्या गाडीची कायमची नोंदणीच झाली नव्हती आणि त्यासाठीचे १,७५८ रुपये शुल्क भरायचे राहिले होते, हेही समोर आले.

मुलाला प्रौढ मानून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. यामागे सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२० चा निकाल आहे. तो दिल्लीतील २०१६ च्या मर्सिडीज अपघातावरचा होता आणि तेथील चालक अठरा पूर्ण होण्यास अवघे काही दिवस कमी होता. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा नाही, तो ‘घृणास्पद’ गटात धरता येत नाही आणि अशा गुन्ह्यासाठी अल्पवयीनावर प्रौढासारखा खटला चालत नाही, असे त्यात ठरले. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही.

मुलगा अठरा पूर्ण असेल तर?

तर कलम १९९ अ लागूच होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नितीन कंपनी जंक्शनजवळ आलिशान मोटारीच्या धडकेत २१ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि नौपाडा पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. तेथे आरोपी प्रौढ होता, त्यामुळे पालकांच्या जबाबदारीचा प्रश्न आला नाही. जुलै २०२४ च्या वरळी अपघातात चालक प्रौढ असूनही वडिलांना अटक झाली होती. पण ती पालक म्हणून नव्हती, अपघातानंतर चालकाला पळून जाण्यास मदत केल्याच्या आरोपावरून होती. भरपाईपुरती मालकाची जबाबदारी मात्र चालक कितीही वर्षांचा असला तरी कायम राहते. फरक इतकाच, की वैध परवाना असेल तर विमा कंपनी मालकाकडून वसुली करत नाही.

मग अडते कुठे?

कायदा कमी पडत नाही, तो उशिरा वापरला जातो. अल्पवयीन मुलगा स्कूटरवर सापडला की दंडाची पावती फाडली जाते, वडील येतात आणि गाडी घेऊन जातात. नोंदणी रद्द करण्याचे आणि २५ वर्षांपर्यंत परवाना नाकारण्याचे हत्यार बाहेर निघते ते कोणी मेल्यावर किंवा चित्रफीत गाजल्यावर. कल्याणच्या प्रकरणात कोणी जखमी नसताना वडिलांवर गुन्हा नोंदला गेला, हे म्हणूनच महत्त्वाचे. पण चित्रफीत पसरली नसती तर तो नोंदला गेला असता का?

प्रत्येक पालकाला तुरुंगात टाका, ही मागणी मात्र न्यायाची नाही. किल्ली कपाटात कुलूपबंद ठेवणारी आई आणि ‘आमचा मुलगा दहावीपासूनच गाडी चालवतो’ असे कौतुकाने सांगणारे वडील यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. खबरदारी घेतल्याचा बचाव कायद्याने त्यासाठीच ठेवला आहे. कैदेपेक्षा वर्षभर गाडी दारात उभी राहण्याची खात्री अधिक परिणामकारक ठरेल. आज ती खात्रीच नाही.

पुण्याच्या प्रकरणात लोकांना सर्वाधिक काय खुपले? मुलाच्या हाती गाडी होती, एवढेच नाही. रक्ताचे नमुने बदलल्याचा आणि चालकावर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचा आरोप त्याहून जास्त खुपला. आरोपांचा निकाल न्यायालय लावेल. पण मुलाला वाचवण्याची धडपड अपघातानंतर सुरू झाली की तोवर दुसऱ्याचे मूल गेलेले असते.

ती धडपड आधी करायची असेल तर फार काही लागत नाही. किल्ली खिळ्यावरून कपाटात गेली पाहिजे. घरी आलेल्या मुलाच्या मित्राला चहा विचारताना ‘गाडीला हात लावायचा नाही’ हेही सांगता आले पाहिजे. आणि आपला मुलगा दुसऱ्याच्या घरी जातो तेव्हा त्या घरातली किल्ली कुठे असते, हे विचारण्यात संकोच वाटता कामा नये.