आधी नवऱ्याची तपासणी करा, मग सुनेला बोल लावा

लग्नाला दोन वर्षं होऊन पाळणा हलला नाही, की मेहकर असो वा मलकापूर, दवाखान्यात आधी सून येते. सोनोग्राफी, रक्ततपासण्या, गर्भनळ्यांचा एक्स-रे, सगळं तिचंच. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र "त्याला काय झालंय?" म्हणून राहून जाते. ही तपासणी स्वस्त आहे, तिला सुई टोचावी लागत नाही, तरी ती शेवटी! हे चुकीचं आहे. दोघांची तपासणी एकाच वेळी झाली पाहिजे.

माणसात मूळ पेशीपासून शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, प्रयोगशाळेतल्या रॅट जातीच्या उंदरात साधारण 52. या कामात शेकडो जनुकं लागतात. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये या उंदरांतलं 'डॅझल' हे एकच जनुक दाबून ठेवलं, तर नर वांझ निघाले. माणसात त्याच जनुकाचं भावंड, 'डॅझ', वाय गुणसूत्रावर असतं. तो तुकडा जन्मतःच गळालेला असेल, तर शुक्रजंतू फार कमी बनतात किंवा वीर्यात सापडतच नाहीत. दाढी-मिशा, आवाज, शरीरसंबंध मात्र बहुधा व्यवस्थित असतात. म्हणून "आमचा पोरगा मर्द आहे" हे उत्तर होत नाही. आणि मुलाचं दुसरं लग्न लावायला निघालेल्यांनो, बायको बदलल्याने नवऱ्याचं वाय गुणसूत्र बदलत नाही.

शुक्रजंतू 'आठ दिवसांत' वाढवणाऱ्या पावडरी विकणाऱ्यांना 74 दिवसांचा हिशोब विचारा. गळालेलं जनुक कोणतीच पावडर परत आणत नाही. ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर मुळीच घेऊ नका. हॉर्मोन बाहेरून मिळालं, की मेंदू वृषणांना संदेश देणं थांबवतो आणि शुक्रजंतूंचं उत्पादन बंद पडू शकतं.

प्रत्येकात जनुकाचाच दोष असतो असं नाही. वृषणाच्या फुगलेल्या शिरा, जंतुसंसर्ग, तंबाखू हीही कारणं असतात. नमुना 2 ते 7 दिवस संबंध न ठेवता द्या. दोष दिसला तर पुन्हा द्या, आणि मध्यंतरी जोराचा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून. शुक्रजंतू शून्य किंवा अगदीच कमी असतील, तर वाय गुणसूत्राची रक्ततपासणी करून घ्या. शुक्रजंतू सुईने बीजांडात सोडून काहींना मूल होतं, पण मुलगा झाला तर वडिलांचा तो दोष त्याच्याकडेही जातो. उपचाराचे पैसे भरण्याआधी हे डॉक्टरांना विचारा, आणि विचारायला नवऱ्याने स्वतः यावं.