मान घासू नका, तिचं ऐका

पहाटे साडेपाचला कडेगावच्या कुठल्याही रस्त्यावर चक्कर मारा. भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. त्यातल्या एखाद्याच्या अंगात ऐन मे महिन्यातही जाड जर्किन असतं. का रे बाबा? तर म्हणे, "घाम निघाला की अंगातली सगळी घाण निघते." तिकडे मैत्रिणींच्या मोबाइलवर डिटॉक्स मास्क, डिटॉक्स स्क्रब. एकूण काय, त्वचा म्हणजे शरीराची मोरी, असं आपण ठरवून टाकलंय.

खरं सांगू? घाम म्हणजे पाणी आणि मीठ. बाकीचं त्यात नावापुरतंच असतं. रक्त स्वच्छ करण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडांचं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, तेही फुकट आणि कुठल्याही पॅकशिवाय. जर्किन घालून कमी झालेलं वजन हे पाण्याचं. पाणी प्यायलात की परत. उलट उन्हात घाम वाळू दिला नाही, तर उष्माघाताला आमंत्रण.

मग त्वचा करते काय? अंग थंड ठेवते, उन्हातून ड जीवनसत्त्व बनवते. आणि आत काही बिघडलं तर बाहेर निरोप देते. तो निरोपच आपण घासून काढायला बसतो.

वर्गात एखाद्याच्या मानेवर काळपट पट्टा असतो बघा. "आंघोळ करत नाहीस काय?" असं त्याला हमखास ऐकवलं जातं. घरी लिंबू, बेसन, दगड सगळं घासून होतं. पट्टा जात नाही, कारण तो मळ नाहीच. डॉक्टर त्याला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासं झालं, की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं. मग मान, काख इथली कातडी जाड, काळपट, मखमलीसारखी होते. बहुतेकदा कारण हेच असतं, आणि रक्तातली साखर वाढण्याच्या कितीतरी आधी ते दिसू शकतं. मुलींमध्ये सोबत पाळी अनियमित असेल, तर पीसीओडीचीही शंका घ्यावी.

"मी तर बारीक आहे," असं म्हणून सुटू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो छापून आला होता. वरून सडपातळ, आतून चरबी; आपल्यातल्या अनेकांची गत हीच.

आता खरी भीती. टोमण्यांना कंटाळून पोरं-पोरी बिनलेबलची गोरं करणारी क्रीम आणतात. 2023 मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची बातमी आली होती. अशाच क्रीममुळे त्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएममध्ये तपासलं, तर क्रीममध्ये मर्यादेच्या कित्येक पट पारा निघाला. आपल्याकडे ही मर्यादा आहे दहा लाखांत एक भाग. म्हणजे बघा, विष बाहेर काढायला जी त्वचा आपण घासतो, तिच्यातूनच ते आत गेलं. आणि बिघडली ती खरी गाळणी! शेतकऱ्याच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर माणसं गेली. औषध श्वासातून गेलं, तसंच ओल्या कपड्यांतून, कातडीतूनही. आपल्या उसा-द्राक्षांच्या भागात घरोघरी पंप आहे, म्हणून म्हणतो.

तेव्हा मानेवर पट्टा दिसला तर क्रीमच्या दुकानात नाही, जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी तपासून घ्या. कोल्ड्रिंक कमी करा, रोज चाला-पळा, पण साध्या टी-शर्टात. इन्सुलिन ताळ्यावर आलं की पट्टाही हळूहळू फिका होतो.

आणि मित्राच्या मानेवर तो दिसला तर चिडवू नका. "चल, तपासून येऊ," एवढंच म्हणा. त्याच्या पुढच्या तीस वर्षांचा फरक त्या एका वाक्याने पडू शकतो.